आधी वारा, मग धाव

परवा आमच्या हॉस्पिटलात नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं. कुठे गॅस सुटला, कुणी विषारी पावडर उधळली, कसला भलता रोग पसरवला, तर अंगावर पोशाख कसा चढवायचा आणि माणसं कशी वाचवायची, असलं ते प्रशिक्षण. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे नाशकात सध्या ज्याला त्याला हे शिकवतात, आणि शिकवायला आमच्यासारखी जुनी खोडं उभी करतात. मी सुरुवातीलाच विचारलं, "वारा कुठून आहे?" एक चुणचुणीत पोरगी पटकन म्हणाली, "एसीतून!" सगळ्या खी खी हसल्या. मीही हसले. पण मध्येच थांबले. कारण याच प्रश्नाला मीही एकदा असंच आगाऊ उत्तर दिलं होतं, आणि ज्यांना दिलं होतं ते डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. उभेच. ते कधी बसत नसत.

सुभेदार दौलत गांगुर्डे. फौजेतून निवृत्त झालेले, चांदवडकडच्या खेड्यातले, घरचे कांदेवाले. फौजेत असताना त्यांनी हेच काम केलेलं. त्यांच्या पहिल्या वर्गात अग्निशमनवाले होते, रुग्णवाहिकेवरचे होते, पोलीस होते, देवळालीहून आलेले तरणेबांड जवान होते आणि आम्ही काही सिस्टर होतो. शहराबाहेरचं उघडं मैदान, एप्रिलचं ऊन, आणि मी रात्रपाळी करून तशीच आलेले. डोकं आधीच ठणकत होतं. या माणसानं आम्हाला ओळीत उभं केलं आणि एकेकासमोर येऊन तेच विचारायला लागले, "वारा कुठून हाय?" कुणी इकडे हात केला, कुणी तिकडे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "साहेब, इथे पंखासुद्धा नाही, वारा कुठून येणार?"

ओळ खदखदली. ते नाही हसले. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "पंखेवाल्या सिस्टर, तुम्ही मेल्या. पुढचा!"

त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता की घरी जाऊन भांडी आपटली. आणि ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. वॉर्डबॉयसुद्धा मागून 'पंखेवाल्या' म्हणायचे, मेले.

उंच, काटकुळा माणूस. मान जरा पुढे काढलेली, आणि डोळे सतत काहीतरी शोधणारे. स्कूटरच्या आरशाला जुन्या लुगड्याची नारिंगी चिंधी बांधलेली, वारा कळावा म्हणून. कुठल्याही जागी शिरले की आधी दारं बघायचे, मग खिडक्या, मग बाहेरच्या झाडाचा शेंडा. तेवढं झालं की मग "नमस्कार". चहा चालत चालत प्यायचे. बशी हातात, कप बशीत, आणि मैदानाला येरझाऱ्या. कुणी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि पुढे करणाऱ्याला म्हणायचे, "तुम्ही बसा ना." त्यांच्यासोबत अर्धा दिवस काढला की आपल्यालाही बसवेना. पायात मुंग्या आल्यासारखं व्हायचं.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, इंदिरानगरमधल्या कार्यालयात. सुभेदारांनाही बोलावणं होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला होती आणि हे गायब. बघते तर कार्यालयाच्या मागे जनरेटरवाल्याशी वाद घालतायत. त्याचा धूर खिडकीतून थेट नवरीच्या खोलीत जात होता. "हलव हे धूड इथून," हे म्हणतायत, तो म्हणतोय, "मुहूर्त जवळ आलाय, काका, वायर पुरायची नाही." मुलीचे वडील धावत आले, घामाघूम. "अहो सुभेदार, आज तरी!" पण यांनी ते धूड हलवायला लावलंच. तेवढ्या वेळात दिवे गेले, भटजींचा माईक गेला, वरमाय फुरंगटली. नवरी मात्र नंतर मला म्हणाली, "मावशी, डोकं इतकं दुखत होतं, मला वाटलं रडल्यामुळे दुखतंय." मी सुभेदारांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पंगतीत न बसता उभ्यानंच जिलबी खाल्ली.

त्यांचं शिकवणं काय सांगावं! इतर ठिकाणी म्हणे विष कुठे लागलं ते दिसावं म्हणून भारी भारी औषधं वापरतात, निळ्या दिव्याखाली चमकणारी. सुभेदार गुलाल वापरायचे. आपला साधा, विसर्जनाचा गुलाल. "हे जहर," म्हणायचे. "आन् हे काय असतं ते नाशिककरला शिकवायला नको. मिरवणुकीत गेला नाय तरी कानात निघतो." मैदानात चुन्याची रेघ मारलेली. पलीकडे गुलाल उधळलेला आणि त्यात माणसाच्या वजनाचे पुतळे पडलेले. आम्ही पोशाख, मुखवटे, हातमोजे चढवून पलीकडे जायचं, पुतळे उचलायचे, रेघेवर येऊन अंग धुवायचं आणि मग ठरलेल्या क्रमानं एकेक वस्तू उतरवायची. "घालताना घाई केली तर चालंल. काढताना केली तर खेळ खलास." सगळं उरकून आम्ही चहाला बसलो की हे आमच्यामधून फिरायचे आणि कान, मनगटं, कपाचे कान, दाराच्या कड्या बघत जायचे. कुठे लाल ठिपका दिसला की शांतपणे म्हणायचे, "मेला." मेलेल्यानं उठायचं, मैदानाच्या कडेला उन्हात जाऊन पुतळ्यांच्या शेजारी आडवं व्हायचं. कुणाचीही सुटका नाही. आमचे मोठे डॉक्टर एकदा तासभर पडून होते, पोटावर हात ठेवून.

एकदा मात्र मजा झाली. हे असेच सगळ्यांना बघत फिरत होते आणि देवळालीच्या एका जवानानं दबक्या आवाजात म्हटलं, "साब, आपका कॉलर." सुभेदारांनी कॉलर ओढून बघितली. लाल. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की आमचं हसू ओठातच राहिलं. मग ते तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "आज मी मेलो. वर्ग पुढं चालू ठेवा." आणि खरंच जाऊन पुतळ्यांच्या रांगेत आडवे झाले. जेवायलाही उठले नाहीत. बघणाऱ्याला नाटक वाटलं असतं. मला त्या दिवशी भीती वाटली. हा माणूस खेळत नाहीये, हे तेव्हा कळलं.

त्यांचं एकच म्हणणं असायचं, "आधी वारा, मग धाव." पुढे जोडायचे, "पडला तो एक. नुसताच धावला तो दुसरा. दुसऱ्याला उचलाया मला तिसरा पाठवावा लागतो." जवानांना हे पटायचं नाही. त्यांचं सगळं शिक्षण धावण्याचं. एकानं तोंडावर विचारलं, "साब, कोई सामने मर रहा हो और हम हवा देखते रहें?" सुभेदार म्हणाले, "हाँ." बास. एवढंच.

पण धावायचं नाही हे सांगून थोडंच जमतं? म्हणून त्यांनी नातेवाईक आणले. पंचवटीतल्या भाजीबाजारातल्या चार बायका, दुपारी बाजार थंडावला की यायच्या. त्यांचं काम एकच, रेघेच्या अलीकडे उभं राहून रडायचं आणि ओढायचं. हौसाबाई त्यांची म्होरकी. काय रडायची! "आरं माझं सोनं पडलंय रं तिथं, आन् तुमी बुटाच्या नाड्या बांधताय? मुडद्यांनो, आया-बहिणी हायेत का नाय तुम्हाला?" पुतळ्यासाठी एवढा आकांत, पण आमच्या नाड्यांच्या गाठी चुकायच्या. जवानांना मराठी कळत नसे, ते मला हळूच विचारायचे, "सिस्टर, ये क्या बोल रही हैं?" मी म्हणायची, "आशीर्वाद दे रही हैं." सुट्टी झाली की हौसाबाई डोळे पुसून सगळ्यांना गाजरं वाटायची.

त्याच वर्गात अग्निशमनचा एक तरणा गडी होता, महेश. त्याचंही आडनाव गांगुर्डे. चांदवडकडे हे आडनाव पैशाला पासरी, त्यामुळे मला काही वाटलं नव्हतं. कामाला वाघ होता. पण त्या दिवशी हौसाबाईनं नुसतं म्हटलं, "आरं कुणी तरी जा रं!" आणि हा मुखवटा हातात घेऊनच रेघ ओलांडून पळाला. सुभेदार ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "मेला," म्हणाले. आवाज नीट फुटलासुद्धा नाही. महेश आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हौसाबाई रडली, हा पळाला. बाकीचे शिक्षक म्हणाले, "द्या ना सोडून, पोरगा चांगला आहे." सुभेदार म्हणाले, "चांगलाच हाय. म्हणून तर सोडणार नाय." आणि त्याला नापास केलं.

हात धुवायच्या नळावर महेश आणि मी एकत्र आलो. मला राहवलं नाही. "काय रे, तुझ्यावर काय खुन्नस आहे त्यांची?"

"सिस्टर, ते माझे सख्खे चुलते आहेत."

मी नळ बंद करायला विसरले.

मग त्यानं सांगितलं. तो रांगत होता तेव्हाची गोष्ट. त्यांच्या विहिरीत तळाशी डिझेलचं इंजिन ठेवलेलं होतं. ते चालून चालून विहिरीत धूर कोंडला. इंजिन बंद पडलं म्हणून आधी गडी उतरला, तो वर येईना. त्याला बघायला महेशचे वडील, रामदास, उतरले, तेही पडले. मग आजोबा उतरायला निघाले. सुभेदार तेव्हा सुट्टीवर आलेले. त्यांनी आजोबांना कंबरेला धरून काठावरच पाडलं, कुणालाही दोराला हात लावू दिला नाही. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर मागवला, विहिरीत हवा मारली आणि मग स्वतः दोर बांधून सगळ्यात आधी उतरले. दोन्ही देह वर काढले. जिवंत कुणीच नव्हतं.

"गावात अजून म्हणतात, फौजी असून भावाला मरताना काठावरून बघत बसला. आई त्यांचं नाव घेत नाही. ते समोर आले तर पदर ओढून आत जाते. इतकी वर्षं झाली, एक शब्द नाही."

"आणि तू या नोकरीत कसा रे आलास?"

तो म्हणाला, "मला बघायचं होतं, काठावर उभं राहणं सोपं असतं का अवघड."

मग मी सुभेदारांना गाठलं. ते चहा घेऊन येरझाऱ्या घालत होते, मला त्यांच्या मागे पळावं लागलं. म्हटलं, "महेशनं सांगितलं." त्यांनी बाही वर केली. मनगटाच्या वर दातांचा जुना वण. "म्हाताऱ्यानं चावा घेतला व्हता. मी नाय सोडला." थोडं चालले. "रामदास खालून हाक मारत नव्हता, सिस्टर. मारली असती तर मी थांबलो असतो का? सांगता येत नाय. रोज विचार करतो." पुन्हा चालले. "वहिनीचा एक गेला. आता हा माझ्या हाताखालून शिकून गेला, आन् असाच पळाला, तर मी कोणत्या तोंडानं जगू?"

मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि त्यांच्याबरोबर मैदानाची एक फेरी मारली.

महेशला त्यांनी पुढच्या वर्गात पुन्हा बसवलं. त्या वेळी मी मदतीला होते. हौसाबाईला सुभेदारांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आज त्याच्या बापाच्या नावानं रड." ती हबकली. "नाय साहेब, असलं पाप मी नाय करायची." यांनी हात जोडले. आणि ती रडली. "रामदास पडलाय रे आत!" महेश हलला, एक पाय उचलला गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो रेघेवर होता, मुखवट्याचे पट्टे आवळत होता. मग त्यानं मान वर करून झाडाचा शेंडा बघितला. सुभेदार पाठ फिरवून मैदानाच्या पार टोकाला निघून गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. पुढे त्यांचं कंत्राट संपलं, ते गावी राहायला गेले, आणि फोन उचलायची त्यांना सवय नाही.

चांदवडच्या अलीकडे महामार्गालगत एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. दिवसाढवळ्या, भर कामाच्या वेळी. आत कामगार अडकलेले. आजूबाजूच्या सगळ्या गाड्या बोलावल्या, नाशकातून अग्निशमनची तुकडी गेली, तिच्यामागे आमची रुग्णवाहिका. पोहोचले तर पोलिसांनी दोरी बांधलेली, दोरीला माणसं लोंबकळलेली, आणि त्यांच्यात सुभेदार, पायात साध्या चपला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. सुट्टीला गावी आलेले, बातमी कळताच स्कूटर मारत आले होते. त्यांनी मला बघून फक्त म्हटलं, "महेश आत गेलाय. नीट घालून गेलाय. मी बघितलं."

जरा वेळानं एका मोटारसायकलवरून एक बाई उतरल्या. डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. "माझा म्हेश कुठंय?" कुणीतरी कारखान्याच्या दाराकडे बोट केलं. त्या दोरीपाशी आल्या आणि सुभेदारांना बघून थबकल्या. मला वाटलं, आता या माघारी फिरतात. फिरल्या नाहीत. पण दोघांच्या मध्ये मला ठेवून उभ्या राहिल्या. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरून ठेवली.

दाराकडे बघत आम्ही तिघं उभे. एक कामगार बाहेर आला, मग दुसरा. महेश प्रत्येक वेळी पुन्हा आत. आणि तेव्हा एक गोष्ट घडत होती जी माझ्या लक्षातच आली नाही. सुभेदार येरझाऱ्या घालत नव्हते. इकडेतिकडे बघत नव्हते. जन्मभर झाडांचे शेंडे बघणारा माणूस एका दारावर डोळे लावून खिळला होता. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की त्याचं, कुणास ठाऊक.

वहिनींचा पदर डोक्यावरून उडाला. त्यांनी तो धरला. पुन्हा उडाला, त्याच बाजूला, आमच्या मागच्या बाजूला. त्यांनी हातातल्या पदराकडे बघितलं. लांबच्या बाभळीकडे बघितलं. मग माझ्या अंगावरून पलीकडे झुकून म्हणाल्या, "भाऊजी, वारा फिरला."

सुभेदार दचकले. त्यांनी वहिनींकडे बघितलं, बाभळीकडे बघितलं, आणि पुढच्या क्षणी तो फौजी आवाज फुटला, "हला! सगळे हला! नाल्याच्या पलीकडं! गाडी फिरवा, सिस्टर, गाडी!" माणसं हलेनात. तमाशा सोडून कोण हलतं! तेव्हा वहिनी पुढे झाल्या. बायकांचे दंड धरून ओढायला लागल्या, गड्यांच्या पाठीत गुद्दे घातले. "चला म्हणते ना! त्यांना कळतं त्यातलं, चला!" आम्ही नाल्यापलीकडे गेलो आणि मागून तो वास आला. एवढ्या लांबूनसुद्धा डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली. जिथे आम्ही उभे होतो तिथे नुसती दोरी हलत होती आणि माझी पाण्याची बाटली पडली होती.

महेश शेवटच्या कामगाराला घेऊन नाल्यापलीकडे आला, तेव्हा वहिनी धावल्या. त्यानं मुखवट्याआडूनच हाताचा पंजा दाखवला. तिथंच थांब. आणि त्या थांबल्या. पोटचं पोर पंधरा पावलांवर, अंगावर पाण्याचे फवारे घेतंय, एकेक वस्तू काढून टाकतंय, आणि ही बाई तोंडावर दोन्ही हात दाबून जागच्या जागी उभी. बायका मागून म्हणत होत्या, "जा की गं!" ती नाही गेली. उघड्या डोक्याचा महेश धुतलेल्या हातांनी तिच्याकडे आला, तेव्हाच तिनं त्याला धरलं.

सुभेदार बाजूला, सिमेंटच्या पाइपांच्या ढिगाशी उभे होते. वहिनी चालत तिकडे गेल्या. मी जखमींच्या गडबडीत होते, पण कान तिकडेच होते, खोटं कशाला सांगू.

"बसा," वहिनी म्हणाल्या आणि स्वतः एका पाइपावर बसल्या.

ते उभेच.

"मामंजी जगले ते तुमच्यामुळं. नातवाला खांद्यावर घेऊन हिंडले. मला कळत व्हतं भाऊजी. पार पहिल्या वर्षापासून कळत व्हतं. तोंडातून निघत नव्हतं. बसा."

सुभेदार बसले. एवढे दिवस ओळखत होते त्यांना, पण हा माणूस बसलेला कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. एकदम म्हातारा दिसला. गुडघ्यांवर हात, मान खाली, खांदे गदगदतायत. शेजारी एक ट्रक सुरू झाला आणि काळा धूर त्यांच्याकडे यायला लागला. त्यांनी लगेच मान वर केली, उठायला लागले. "वहिनी, इथनं उठा. धूर येतोय इकडं."

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं, तो वण होता तेच. "येऊ द्या," म्हणाल्या. "जरा बसा."

आणि ते बसून राहिले.